सहीतला तारा

गेल्या वर्षी मंडळातली काही कुटुंबे मिळून आम्ही वॉशिंग्टनला गेलो होतो. मुलांचे विमानांचे म्युझियम पाहून झाले आणि पावसामुळे उरलेली दुपार नॅशनल गॅलरीत गेली. तिथे एका चित्रापाशी आम्ही सगळेच थबकलो. मोठी पांढरी कॉलर घातलेली एक तरुणी, हातात मूठभर कुंचले घेऊन, कामातून मान वळवून आपल्याकडे बघते आहे. आता काहीतरी बोलेल असा चेहरा. हे यूडिथ लेस्टर हिने सुमारे १६३० साली काढलेले स्वतःचे चित्र.

यूडिथ १६०९ साली हॉलंडमधल्या हार्लेम गावी जन्मली. वडिलांची दारूभट्टी होती, तिच्यावरून घराण्याला 'लेस्टर' हे नाव पडले. त्याचा अर्थ दिशा दाखवणारा तारा, आपला ध्रुवतारा. म्हणून ती सही करताना जे आणि एल ही अक्षरे जोडून पुढे एक छोटासा तारा काढी. पुढे वडिलांचे दिवाळे निघाले, पण मुलीने कुंचला सोडला नाही. १६३३ साली ती हार्लेमच्या चित्रकारांच्या संघाची सभासद झाली. तिथे स्त्रिया अपवादानेच असत. स्वतःची कार्यशाळा, हाताखाली शिकणारे पुरुष शिष्य, असा तिचा बाज होता.

एक शिष्य थोड्याच दिवसांत तिला सोडून गावातल्या बड्या चित्रकाराकडे, फ्रान्स हाल्सकडे गेला, तेव्हा बाईंनी १६३५ साली सरळ संघाकडे तक्रार केली. मुलाच्या आईला चार गिल्डर भरावे लागले, हाल्सला तीन गिल्डर दंड झाला, आणि शिष्याची नोंद केली नाही म्हणून यूडिथलाही दंड झाला!

तिची चित्रे रोजच्या जगण्यातली: गाणारे-वाजवणारे लोक, हसणारी मुले, दिव्याच्या उजेडात शिवणारी बाई. त्यातले १६३१ सालचे एक, हेगच्या मॉरित्सहाउसमधले, वहीच्या पानाएवढेच आहे. एक पुरुष शिवणाऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यापुढे मूठभर नाणी धरतो आहे. ती मान वर करीत नाही. टाका घालत राहते. अशा विषयावरच्या त्या काळच्या चित्रांत बाई बहुधा हसून सामील झालेली दिसते. इथे तिचे न बघणे हेच उत्तर आहे.

१६३६ साली तिने चित्रकार यान मोलेनारशी लग्न केले. पाच मुले झाली, दोनच मोठी झाली. त्यानंतरची तिची चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात. १६६० साली ती वारली. आठ वर्षांनी नवरा गेला तेव्हा घरातल्या सामानाची यादी झाली. तीत तिच्या चित्रांपुढे तिचे नाव नव्हते. 'मयताची पत्नी' एवढेच होते.

पुढे दोनशेहून अधिक वर्षे तिची चित्रे बरीचशी हाल्सची म्हणून विकली गेली. १८९३ साली लंडनमध्ये अशाच एका 'हाल्स'वरून वाद कोर्टात गेला, कारण विकत घेणाऱ्याला चित्रावर ती ताऱ्याची सही सापडली. त्याच वर्षी हॉफस्टेड द ग्रोट या डच अभ्यासकाने तिची चित्रे ओळखून तिला पुन्हा उजेडात आणले. वाद मात्र एवढाच होता, की चित्र तिचे असेल तर पैसे परत किती!

आमचा पेशा रसायनशास्त्राचा. बाटलीवरचे लेबल बदलल्याने आतला पदार्थ बदलत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. इथे पदार्थ तोच, लेबल बदलले आणि भाव उतरला.

गॅलरीत आमच्यातले एक काका म्हणाले, "चित्र चांगले असले म्हणजे झाले. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे कुठे ठाऊक आहेत?" म्हणणे चुकीचे नाही. पण अजिंठ्यात कोणी दुसऱ्याचे नाव लावलेले नाही. इथे करणारीने सही केली होती आणि तरी ती वाचली गेली नाही. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या मानाच्या दालनात तिचे चित्र लागायला २०२१ साल उजाडावे लागले.

आता थोडे घरचे. आपल्या गणपतीच्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे रकमेसह छापतो. दीडशे पानांचा महाप्रसाद रांधणाऱ्या आणि दर रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या भगिनींसाठी शेवटी एकच ओळ असते: 'महिलावर्गाचे आभार'. सभासदांच्या यादीतही 'श्री. व सौ.' पुढे एकच नाव. 'मयताची पत्नी' यापेक्षा हे फार वेगळे आहे असे आम्हाला वाटत नाही. गेल्या वर्षीची स्मरणिका आम्हीच जुळवली होती, तेव्हा दोष आमचाही आहे.

म्हणून सूचना अशी, की यंदा ज्याने-जिने जे काम केले त्यापुढे त्या व्यक्तीचे पूर्ण नाव छापावे. फोटोकॉपीचे एक पान वाढेल, वाढू द्या. नावे आमच्याकडे कळवावीत. स्वतःचे कळवायला संकोच वाटत असेल तर शेजारणीचे कळवा.