घरून केलेले काम कामच आहे

घरून काम म्हणजे पगारी सुट्टी, असे म्हणणाऱ्यांनी एकदा भोपाळच्या नेहरू नगरात यावे. इथल्या मराठी घरांतली मुले शिकली की पुण्याची वाट धरतात. आयटीतल्या नोकऱ्या तिकडे, झेलम एक्स्प्रेसही थेट तिकडेच नेते. २०२० च्या टाळेबंदीत बरीचशी मुले लॅपटॉप घेऊन परतली आणि पुण्यातल्या हिंजवडीचे काम भोपाळच्या घरांतून होऊ लागले. काम चालू राहिले, म्हाताऱ्या आईवडिलांना सोबत मिळाली. मग फर्मान निघाले: ऑफिसात हजर व्हा.

यामागचा पहिला आक्षेप कामचुकारपणाचा. तो मोजून तपासला गेला आहे. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१०-११ मध्ये कॉल सेंटरमधल्या इच्छुकांपैकी निम्म्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. कामचुकार माणूस ऑफिसातही कामचुकारच असतो. त्याचे काम तपासा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. नवखा माणूस जाणत्याच्या शेजारी बसून शिकतो, हे मला पूर्ण मान्य. त्या प्रयोगातलेही अनेक जण एकटेपणाला कंटाळून पुढे ऑफिसात परतले. पण त्यासाठी कायम पाचही दिवस कशाला? त्याच कंपनीतल्या १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवरचा नवा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरी घटली नाही, नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र एक तृतीयांशाने उतरले.

अर्थात भोपाळच्या मुलीला दोन दिवसांची सवलत पुरत नाही. पुण्यात खोली घ्यावीच लागते. म्हणून सुरुवातीची वर्षे ऑफिसात शिकावे, हात बसला की जागा निवडू द्यावी, अधूनमधून आठवडाभर बोलवावे. आपल्या कायद्याला हे परके नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, परस्परसंमतीने घरून काम करण्याची सोय ठेवली आहे. ती सोय आजारी आईवडिलांना सांभाळणाऱ्या मुलामुलींपर्यंत पोचली पाहिजे. इंटरनेटचा, विजेचा आणि धड खुर्चीचा खर्च कंपनीने उचलावा, आणि घरीच आहे म्हणून रात्री दहाला कामाचा फोन येऊ नये, हेही नेमणूकपत्रातच लिहून मिळावे.