धनुष्याची दोरी घरीच वळा



सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातले सरडे गाव. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांचा प्रवीण जाधव तिथून निघाला आणि २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये धनुष्य घेऊन उभा राहिला. उद्या आपल्या घरातले पोरही तिरंदाजीचा हट्ट धरील. धनुष्य-बाण महाग. ते शाळेतून मिळाले तरी दोरी झिजते, आणि ती तुटली की सराव बंद. निदान ही वस्तू तरी घरी होते.

उमेळ्याच्या पूर्वेला डोंगराकडच्या वारली पाड्यांवर जुन्या पिढीला तीरकामठा ठाऊक आहे. सातपुड्यातले भिल्ल तर बांबूचीच चिरलेली पट्टी दोरी म्हणून लावत आले. दुकानाची वाट कोणी पाहिली नाही.

शिकाऊ लाकडी वा बांबूच्या धनुष्याला डॅक्रॉनचा धागा घ्यावा. तो किंचित ताणतो आणि धक्का सोसतो. फास्टफ्लाइटसारखा न ताणणारा धागा बाणाला वेग देतो खरा, पण जुन्या धनुष्याची टोके फोडू शकतो. सुतळी, मांजा असली काटकसर मुळीच नको.

जाड फळीवर दोन मजबूत खिळे ठोका. अंतर जुन्या दोरीएवढे. ती नसेल तर धनुष्यावर लिहिलेल्या लांबीहून ३-४ इंच कमी. धागा सारख्या ताणाने ७ फेरे गुंडाळा, म्हणजे १४ पेड होतात. टोके गाठवा. मग दोरी थोडी सरकवून, खिळ्यावर असलेल्या भागाला जाड नायलॉनचा धागा वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळा. हा फासा. गाठही त्याखालीच दडवा. पुढे दोन्ही पदर एकत्र धरून ३-४ इंच गुंडाळा. वरचा फासा मोठा ठेवा, कारण तो धनुष्याच्या पातीवरून सरकतो. (या कामात शिवणकाम करणाऱ्या आईचा हात बापापेक्षा सरस ठरेल!)

बाण बसतो तिथे मधोमधही गुंडाळा. दोरीला अडकवून खाली सोडलेला बाण पडू नये, पण टिचकी मारताच सुटावा, इतकीच जाडी हवी. शेवटी मधमाशीचे मेण चोळा. दोरी लांब वाटली तर १५-२० पीळ द्या.

पहिली दोरी प्रशिक्षकाला दाखवल्याशिवाय चढवू नका. बाण न लावता दोरी ओढून सोडाल तर सारा धक्का धनुष्यावर येतो आणि ते फुटून डोळ्याला इजा होते. एक पेड तुटला तरी दोरी बाद. आणि वळायच्या त्या दोन वळा. दुसरी थोडे बाण मारून बसवलेली, स्पर्धेच्या पिशवीत असू द्या.