खराऱ्यासाठी स्वारीचा दाखला कशाला?

घोड्याच्या सहवासातून व हालचालीतून पुनर्वसन साधणाऱ्या काही केंद्रांनी ‘स्वारीस योग्य’ असा वैद्यकीय दाखला प्रवेशासाठी सरसकट सक्तीचा केल्याच्या तक्रारी वाचकांकडून येत आहेत. स्वारी करता येणार नाही असे ज्याच्या डॉक्टरांनीच लिहून दिले आहे, त्याच्याकडे हा दाखला मागणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे होय.

डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा अस्थिर असल्यास, कण्याचा बाक तीव्र असल्यास किंवा हाडे ठिसूळ असल्यास खोगिरावर बसवू नये, याबद्दल दुमत नाही. परंतु हा निषेध पाठीवर बसण्यापुरता आहे, घोड्याजवळ जाण्याचा नव्हे. चाकांच्या खुर्चीतून खरारा करणारी व्यक्ती खांदा उचलते, हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेते आणि केसांच्या दिशेने दाब सांभाळते; दाब फार हलका झाला तर घोडा माशी बसल्यासारखी कातडी थरथरवतो, जास्त झाला तर अंग काढून घेतो, आणि चूक तिथल्या तिथे कळते. हा व्यायाम स्वारीची दुय्यम भरपाई नसून स्वतंत्र उपचार आहे. ब्रिटनमध्ये 1969 साली स्थापन झालेली ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ स्वारीबरोबरच घोडागाडी हाकण्याचे वर्ग चालवते आणि वृद्धांसाठी केवळ तट्टांच्या सहवासाचे कार्यक्रमही घेते.

जमिनीवरील कामात धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. खुर्चीत बसलेल्याचे डोके लाथेच्या टप्प्यात येते, आणि घोड्याला थेट पाठीमागचे व कपाळासमोरचे दिसत नसल्याने खुर्ची नेहमी खांद्याच्या बाजूने, तिरकी आणि घोड्याला आवाजाने सावध करूनच न्यावी लागते. म्हणून अर्जात विचारायचे ते धनुर्वाताची लस, दमा, केसांची व गवताच्या धुळीची अॅलर्जी, अपस्माराचे झटके आणि हाताची पकड यांविषयी. यांतील एकाचेही उत्तर स्वारीच्या दाखल्यात मिळत नाही. खरारा मोतद्दारावर सोपवून थेरपिस्टने तेथून निघून जाण्याची पद्धतही निषेधार्ह आहे, कारण नोंद ठेवणारा जागेवर नसेल तर उपचार झाला असे म्हणता येत नाही.

केंद्रचालकांनी पुढील तुकडीपूर्वी जमिनीवरील कामासाठी वेगळा अर्ज तयार करावा, आणि दाखल्याअभावी ज्यांना परत पाठवले त्यांना स्वतःहून पत्र लिहून बोलवावे.