कंपनी चांगली, पण भाव कोणता?

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर एकादशीला दर्शनासाठी आलेल्या काही तरुणांनी मला विचारले, ‘टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर घ्यावा का?’ प्रश्न अचानक आलेला नाही. या कंपनीच्या साथीने बीडला सुमारे १९१ कोटींचे सीट्रिपलआयटी प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे २०२५ मध्ये ठरले आणि तिचे नाव जिल्ह्यात घरोघरी पोचले. जी कंपनी आपल्या पोरांना नवे तंत्रज्ञान शिकवणार, तिचा शेअर वाढणारच, असा त्यांचा हिशेब. कंपनी चांगली आहे, हे मलाही मान्य. पण चांगली कंपनी कोणत्याही भावाला घ्यावी, हे मला मान्य नाही.

पुण्याजवळच्या हिंजवडीत मुख्यालय असलेल्या आणि वाहन कंपन्यांसाठी डिझाइनचे काम करणाऱ्या या कंपनीचा आयपीओ २२ नोव्हेंबर २०२३ रोजी खुला झाला. टीसीएसनंतर जवळपास दोन दशकांनी टाटा समूहाची कंपनी बाजारात येत होती. ५०० रुपयांच्या शेअरला सुमारे ६९ पट मागणी आली आणि ३० नोव्हेंबरला, लिस्टिंगच्या दिवशीच, भावाने १४०० गाठले. आधीच्या वर्षीचा नफा शेअरमागे सुमारे १५ रुपये ४० पैसे होता. म्हणजे आयपीओत शेअर मिळालेल्याने नफ्याच्या ३२ पट मोजले, तर १४०० ला घेणाऱ्याने ९१ पट. या पटीलाच पीई म्हणतात. आठ दिवसांत कंपनीच्या कामात काहीच बदलले नव्हते.

वाढीवर भरवसा ठेवणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. विजेवरच्या गाड्या, गाडीतले सॉफ्टवेअर, परदेशी वाहन कंपन्यांचे भारतात येणारे डिझाइनचे काम हे सारे खरेच आहे. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूबरोबर संयुक्त कंपनीही जाहीर झाली. प्रश्न एवढाच, की ही वाढ किती वेगाने व्हायला हवी होती?

हिशेब करून पाहू. दहा वर्षे दरसाल १२ टक्के परतावा हवा आणि शेवटी बाजार नफ्याच्या २५ पट भाव देईल, असे धरू. मग १४०० ला घेतलेल्या शेअरसाठी कंपनीचा नफा सलग दहा वर्षे दरसाल सुमारे २७ टक्क्यांनी वाढायला हवा. ५०० ला घेतला असेल, तर १५ टक्के पुरतात. प्रत्यक्षात २०२३-२४ मध्ये नफा ६२४ कोटींवरून ६७९ कोटींवर गेला, म्हणजे ९ टक्के वाढ. पुढच्या वर्षी तो ६७७ कोटींवर थबकला आणि महसूल ५,११७ वरून जेमतेम ५,१६८ कोटी झाला. वाहन कंपन्यांनी हात आखडला की त्यांच्यावर विसंबलेले कामही आखडते. २०२५ च्या मध्यावर भाव शिखराच्या जवळपास निम्म्यावर होता.

पुण्याच्याच पर्सिस्टंट सिस्टिम्सचे उदाहरण उलट बाजूचे. २०१० मध्ये ३१० रुपयांना आलेला हा शेअर तेव्हा त्या वर्षीच्या नफ्याच्या सुमारे ११ पट भावाला मिळत होता. पंधरा वर्षांत नफा ११५ कोटींवरून १,४०० कोटींवर गेला आणि शेअरधारकांची संपत्ती त्याहूनही किती तरी पटींनी वाढली. कारण सुरुवातीच्या भावात बाजाराने फारशी अपेक्षा धरलेलीच नव्हती. २०२५ मध्ये त्याच शेअरला बाजार नफ्याच्या पन्नास पटींहून अधिक मोजत होता, तेव्हा ती जुनी कमाई त्या भावाला घेणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा तशीच येईल, असे धरून चालता येणार नाही.

बीडमधला पैसा सहजासहजी जमलेला नसतो. ऊसतोडीची उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या जोडप्याचा तो घाम असतो, दुष्काळातून वाचवलेले बियाण्याचे पैसे असतात. मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींनी इथली किती तरी घरे आधीच पोळली आहेत. म्हणून या तरुणांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की शेअर घेण्याआधी कागदावर तीन आकडे मांडा : आजचा भाव, शेअरमागचा नफा आणि तीन वर्षांतली नफ्याची खरी वाढ. भावाला जी वाढ हवी आहे ती कंपनीने कधी करून दाखवलेली नसेल, तर थांबा. कंपनीच्या केंद्रात जागा मिळाली, तर मात्र आनंदाने जा. तिथे शिकलेल्या कौशल्याला कोणताही पीई लागत नाही.