चहात बुडवलेले जुनेपण

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या महाविद्यालयात दोन दिवसांची हस्तकला कार्यशाळा झाली. विषय होता 'व्हिंटेज टॅग'. भेटवस्तूला बांधायची साधी कागदी चिठ्ठी. पण ती शंभर वर्षांपूर्वीची वाटली पाहिजे! कोऱ्या कागदाला मुद्दाम म्हातारे करायचे, ही कल्पनाच मला गमतीची वाटली.

कृती अवघड नाही. जाड ड्रॉइंग पेपरची पट्टी कापायची, वरचे दोन कोपरे तिरपे उडवायचे, भोक पाडायचे. मग दूध-साखरेविना उकळलेल्या कडक चहात ती बुडवायची. चहातल्या टॅनिनने कागद तपकिरी होतो. वाळल्यावर चुरगळायची, कडा कात्रीच्या पात्याने खरवडायच्या, त्यांवर स्पंजने शाई टेकवायची. वर छापील कागदाचे कपटे, लेस, एखादे बटण, रबरी शिक्का आणि शेवटी सुतळी. मी घाईने ओलाच कागद चुरगळला आणि माझ्या पहिल्या टॅगचा लगदा झाला.

दुसऱ्या दिवशी घरातला एखादा जुना कागद चिकटवण्यासाठी आणायचा होता. आमच्या घरी जुने कागद पत्र्याच्या पेटीत असतात. मी आजोबांचा शाळेचा दाखला मागितला. आजोबा दुसरीपर्यंत शिकले. घरातला सर्वांत जुना लिहिलेला कागद तोच.

"काय करणार त्याचं?" आईने विचारले.

"कापून चिकटवायचाय."

आईने पेटीचे झाकण लावले. "ह्याच कागदासाठी तुझ्या बापानं तालुक्याला तीन खेपा घातल्यात. इसरली का?"

विसरले नव्हते. आम्ही इतर मागासवर्गीय. जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. एका कार्यालयात तो दाखला, "अक्षर नीट लागत नाही, कागद जीर्ण आहे," असे म्हणून परत सरकवला होता. म्हणजे कार्यशाळेत ज्या पिवळेपणाला शाबासकी, त्याच पिवळेपणावर खिडकीपाशी हरकत! जुनेपणाची हौस त्यालाच परवडते, ज्याचे जुन्या कागदावाचून काही अडत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

कलेला माझा विरोध नाही. राग आहे तो तयार मिळणाऱ्या छापील चित्रांचा. छत्रीवाल्या मडमा, आयफेल टॉवर, विलायती गुलाब! ही कुणाच्या आजीची आठवण? खरे तर आपल्याकडे चिठ्ठ्यांचा इतिहास याहून रंगतदार आहे. मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर देवदेवता, हत्ती, वाघ यांची रंगीत लेबले असत. अनेक गिऱ्हाइकांना वाचता येत नसे. ती चित्र पाहून कापड ओळखत. ती लेबले आज संग्राहक जपतात, पण मुळात ती माझ्या आजीसारख्या निरक्षरांसाठीच होती. आजी अजूनही काडेपेटी नावाने नव्हे, चित्राने मागते.

शेवटी मी दाखल्याची झेरॉक्स काढली आणि ती चहात बुडवली. झेरॉक्सची अक्षरे पाण्यात पसरत नाहीत. घरगुती शाईच्या प्रिंटरची पसरतात, हे मैत्रिणीच्या फजितीवरून कळले. लेसऐवजी आजीच्या फाटक्या लुगड्याचा काठ लावला. परीक्षक बाईंना मडमांचे टॅग अधिक आवडले, असो. पण पुढच्या वर्षी कार्यशाळा घेणाऱ्यांनी मुलांना मूळ कागद आणायला सांगू नये, एवढी विनंती आहे. अडाणी घरातून आलेला एखादा विद्यार्थी लाजेपोटी खरेच कापून बसेल. आणि मूळ कागदाला लॅमिनेशनही करू नये. ते उष्णतेने एकदा चिकटले की निघत नाही. सपाट फाइलमध्ये, ओल आणि उजेड टाळून ठेवावा.

टॅग घरी नेला तेव्हा आईने तो हातात घेतला, उलटसुलट केला, आणि काही न बोलता आधी पेटी उघडून आतला दाखला जागेवर आहे का ते पाहिले.