छतावर थापलेले सिलिकॉन

वाहनाच्या छतातून पाणी गळू लागले की बाजारातून सिलिकॉनची एक नळी आणावी, शिडीवर चढून तावदानाच्या चौकटीभोवती तिचा यथेच्छ लेप द्यावा आणि दोन दिवस पाऊस उघडला म्हणजे इलाज लागू पडला अशी स्वतःची समजूत घालून घ्यावी, हा प्रघात कॅम्परव्हॅन बाळगणाऱ्या मंडळींत इतका रूढ झाला आहे की त्याविरुद्ध बोलणारा विक्षिप्त ठरावा. तो दोष पत्करूनही मला असे म्हणणे भाग आहे की हा लेप म्हणजे दुरुस्तीला दिलेली तहकुबी आहे, आणि तीही बहुधा पुढच्या मालकाच्या खर्चाने दिलेली.

ही वाहने आपल्याकडे विरळा असल्यामुळे त्यांचा थोडा परिचय करून देणे अवश्य आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन या किनाऱ्यावरच्या गावी मार्टिन वॉल्टर नावाची पेढी विसाव्या शतकाच्या मध्यास बेडफर्डसारख्या मालवाहू गाड्यांची फिरती घरे बनवू लागली आणि त्या गाड्यांचे ‘डॉर्मोबिल’ हे नाव इंग्लंडात अशा जातीच्या कोणत्याही वाहनाला सर्रास लावले जाऊ लागले. तिकडे जर्मनीत वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाडीत तसाच संसार थाटला. गाडीने रस्त्यावर बुटके राहावे, पण मुक्कामी पोहोचल्यावर आतल्या माणसाला ताठ उभे राहता यावे, हा पेच वर उचलणाऱ्या छताने सोडवला. वर फायबरग्लासचे टोपण आणि खाली घड्या पडणारे पट्ट्यापट्ट्यांचे कापड, अशी त्याची साधी रचना. डॉर्मोबिलचे टोपण एका कडेच्या बिजागऱ्यांवर उलगडे, आणि उजेड-वाऱ्याच्या सोयीसाठी त्यात ॲक्रिलिकची उघडमीट होणारी तावदाने बसवलेली असत. हे ॲक्रिलिक इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजने १९३४ च्या सुमारास ‘पर्स्पेक्स’ या नावाने बाजारात आणले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांच्या चालकांच्या डोक्यावरचे पारदर्शक आवरण त्याचेच होते.

गळतीचे बीज या रचनेतच आहे. धावत्या गाडीत जे तावदान आडवे असते, तेच छत उचलल्यावर तिरपे होते. म्हणजे एकाच सांध्याने पाण्याच्या दोन निरनिराळ्या वाटा अडवाव्यात अशी अपेक्षा केलेली असते. गाडी वेगात असताना वारा पाण्याला रबरी पट्टीखाली रेटतो, आणि मुक्कामी चौकटीची वरची कड छतावरून ओघळणाऱ्या पाण्याला बांधासारखी आडवी येते व तेथे रात्रभर पाणी तुंबून राहते.

अशा पाण्याची तहकिकात सोपी नसते, कारण ते जेथे शिरते तेथे क्वचितच पडते. सांध्यातून आत आलेला थेंब केशाकर्षणाने प्लायवूडच्या अस्तरामागे शिरतो, चौकटीच्या कडेकडेने हातभर प्रवास करतो आणि भलत्याच ठिकाणी, बहुधा निजलेल्या माणसाच्या उशीवर, प्रकट होतो. शिवाय सगळेच पाणी बाहेरचे असते असेही नाही. बंद गाडीत दोन माणसे निजली तर त्यांच्या उच्छ्वासातील बाष्प थंड तावदानाच्या खालच्या अंगास जमते आणि पहाटे टपटपू लागते. न गळणाऱ्या तावदानावर सिलिकॉन थापल्याची उदाहरणे या गैरसमजातूनच घडतात. शहानिशा करायची तर कोरड्या दिवशी आतून चौकटीभोवती टाल्कम पावडरीचा पातळ थर द्यावा आणि एकाने बाहेरून नळीचे पाणी आधी खालच्या कडेवर, मग बाजूंवर आणि सर्वांत शेवटी वरच्या कडेवर सोडावे. पावडरीत पहिली ओली रेघ जेथे उमटेल तेथे पाणी अस्तराबाहेर आले. त्याचे मूळ रेघेच्या वरच्या अंगास शोधावे. आधीच वरून पाणी ओतणाऱ्याला सगळीच चौकट ओली दिसते आणि काहीच कळत नाही.

जुना लेप सोलून पाहिला म्हणजे त्याची खरी योग्यता कळते. वरून तो पिवळटलेला पण अखंड दिसतो. नखाने एक टोक उचलले की लांब वादीसारखा निघून येतो, आणि त्याच्या पोटाशी काळ्या मातीची एक सलग रेघ असते. पाणी कैक महिने याच वाटेने जा-ये करीत होते याची ती साक्ष. त्याखाली प्रत्येक स्क्रूभोवती तपकिरी वलय, आणि वलयाच्या आत प्लायवूड बोटाने दाबले तरी दबणारे. जे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसेटिक आम्ल सुटत असते, तेव्हा उघड्या लोखंडावर ते लावणे म्हणजे गंजाला हाताने आमंत्रण देणे होय. आणि सर्वांत मोठा उपद्रव असा की सिलिकॉनचा पुसटसा अंशही जेथे मागे राहिला तेथे रंग धरत नाही, दुसरे सीलंट धरत नाही, फार काय, नवे सिलिकॉनही नीट धरत नाही.

असे असूनही सांधा उघडण्याचा कंटाळा का, याचे उत्तर एका भ्रमात आहे: चिकटवलेली वस्तू जितकी घट्ट तितकी चांगली. पदार्थविज्ञानाला हा न्याय मान्य नाही. अर्ध्या मीटरचे ॲक्रिलिकचे तावदान तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला तर जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते. तेवढीच पोलादाची पट्टी पाव मिलिमीटरही वाढत नाही. उन्हाळ्याची दुपार आणि तिच्यामागून येणारी पहाट एवढ्या अवधीत हे घडते. दोहोंच्या मध्ये ताठर डिंक भरला तर एक तर डिंक तुटतो, नाहीतर तावदानाला स्क्रूच्या भोकापासून तडा जातो. म्हणून जाणता कारागीर भोक स्क्रूपेक्षा अंमळ मोठे ठेवतो, स्क्रू आवळताना हात राखतो आणि मध्ये ब्युटाइलची पट्टी घालतो. ही पट्टी वर्षानुवर्षे मऊ राहते, सांध्याच्या हालचालीबरोबर ताणते-दबते, आणि पुन्हा काढायची वेळ आली तर सुरीने सुटते. धातूवर मागे राहिलेला चिकटा टर्पेंटाइनने निघतो. ॲक्रिलिकला मात्र थिनर, ॲसिटोन वा पेट्रोल लावू नये, त्यावर बारीक चिरांचे जाळे उमटते. ते साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. बाकीचे काम कष्टाचे असले तरी गूढ नाही: चौकट पूर्ण उतरवावी, कुजलेले लाकूड कापून नवे घालावे, गंज खरवडून रंग द्यावा, आणि मगच तावदान परत बसवावे. एक सबंध दिवस जातो, हे खरे.

कोकणातल्या जुन्या घरांत माजघरावर काचेचे एखादे कौल असते. ते कशाने चिकटवलेले नसते, शेजारच्या कौलांच्या आधाराने बसलेले असते; पावसाळ्यापूर्वी शाकारणी करताना उचलता येते, पुसता येते, फुटले असेल तर बदलता येते. पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा वर चढणार आहे हे तिथे गृहीत धरलेले असते. फिरत्या घराच्या छतालाही हीच वृत्ती लागू करण्यास कोणती हरकत आहे, हे मला समजत नाही. मोटारीची पुढची काच पॉलियुरेथेनने कायमची चिकटवतात त्याला कारण आहे. सांगाड्याच्या बळकटीत तिचा वाटा असतो आणि अपघातात तिने जागेवर राहणे आवश्यक असते. छतातल्या हातभर झरोक्यावर तसला कोणताच भार नसतो. तरीही त्याच द्रव्याने तो असा जखडून टाकतात की काढताना टोपणाचा एक लचका तुटून यावा, आणि या घिसाडघाईला ‘कायमस्वरूपी’ असे भारदस्त नाव मिळते.

२०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा मसुदा ठरविण्यासाठी समिती नेमली तेव्हा तिच्या विचारकक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल आणि टिकाऊ गृहोपयोगी वस्तू यांच्या जोडीला मोटारीही होत्या. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळाव्यात, बाहेरच्या कारागिराकडे गेल्यामुळे हमी रद्द होऊ नये, या मागण्या रास्तच आहेत. परंतु जो सांधा मोडल्याशिवाय उघडतच नाही त्याचा सुटा भाग हाती येऊन उपयोग काय? हक्काच्या यादीत ‘उघडता येणे’ हे कलम पहिले असावयास हवे.

राहता राहिला उघड्या तावदानाखाली लावायच्या जाळीचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका गौण नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात मे ते सप्टेंबर या महिन्यांत मिज नावाची चिलटे निर्वात पहाटे आणि संध्याकाळी थव्यांनी उठतात. त्यांच्या माद्याच तेवढ्या चावतात, आणि माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग काढीत येतात. उघडे स्कायलाइट म्हणजे त्या उच्छ्वासाचे धुराडेच, तेव्हा त्यांनी तेथूनच आत यावे हे क्रमप्राप्त आहे. साध्या मच्छरदाणीची सव्वा-दीड मिलिमीटरची छिद्रे या जिवांना महाद्वारासारखी आहेत. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचीच जाळी त्यांना अडवते. मात्र जाळी जितकी बारीक तितका वारा कमी, आणि वारा कमी झाला की पहाटेचे टपटपणे वाढते. म्हणून कापडी भिंतीतली खिडकीही तशीच जाळी लावून उघडी ठेवावी, म्हणजे खालून हवा आत येते आणि वरून बाहेर पडते.

खरी खोडी होते ती जाळी बसवताना. एवढे खपून कोरडे केलेले छत पुष्कळदा याच वेळी पुन्हा भोके पाडून घेते, कारण जाळीच्या चौकटीचे स्क्रू उत्साहाच्या भरात अस्तराच्या पार, टोपणाच्या पापुद्र्यात जातात. जाळी ॲल्युमिनियमच्या हलक्या चौकटीत रबरी दोरीने ताणून बसवावी आणि ती चौकट आतल्या किनारपट्टीला चुंबकाच्या पट्टीने किंवा वेल्क्रोने धरवावी. तावदानाची मूठ हाताशी यावी म्हणून ही जाळी एका हाताने निघाली पाहिजे. हे सारे मालकावर सोपवण्याचेही वस्तुतः कारण नाही. जो कारखानदार छताचे तावदान विकतो त्याने चौकटीच्या आतल्या अंगास जाळीसाठी एक खाच ठेवावी. तेवढी मेहनत त्याने घेतली तर गाडीच्या मालकाला छताखाली ड्रिल घेऊन उभे राहण्याचे प्रयोजनच उरणार नाही.