नियम बदलतो, हप्ता बदलत नाही

वर्धा नदीच्या काठावरील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वपरिचित आहे. त्याच्या भोवतालच्या काळ्या जमिनीत कपाशी, सोयाबीन आणि तूर पिकते. या तुरीची डाळ आपल्याच भागात व्हावी, या विचाराने एखादा तरुण बँकेचे कर्ज काढून लहानशी दालमिल उभारू पाहतो. अकोल्याच्या दालमिलांचा आदर्श त्याच्यासमोर असतो.

तूर बाजारात येते ती मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीत. मिल मात्र वर्षभर चालवावी लागते. म्हणूनच हंगामात माल घेऊन ठेवणे हा या व्यवसायाचा प्राण आहे. नेमके तेथेच धोरण आड येते. २ जून २०२३ रोजी केंद्राने तूर व उडदावर साठामर्यादा घातली. मिलला मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढाच साठा ठेवता येणार होता. २५ सप्टेंबरला ही मर्यादा एका महिन्याचे उत्पादन किंवा १० टक्क्यांवर आली आणि ६ नोव्हेंबरला पुन्हा पूर्ववत झाली. जिचे उत्पादन नुकतेच सुरू झाले आहे, अशा ३,००० टन वार्षिक क्षमतेच्या मिलला ७५० टनांवरून ३०० टनांवर यावे लागले आणि सहा आठवड्यांत ती पुन्हा ७५० टनांना पात्र ठरली. या काळात कर्जाचा हप्ता मात्र एका रुपयानेही कमी झाला नाही.

शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, तेव्हा सामान्य गृहिणीचे अंदाजपत्रक कोलमडले होते. साठेबाजीला आळा घालणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न नियमाचा नसून त्याच्या अचानकपणाचा आहे. जुन्या पेढीजवळ पिढ्यांची शिल्लक असते, ती धक्का पचवते. नवउद्योजकाजवळ केवळ उमेद आणि उसने भांडवल असते. त्याला सवलतीपेक्षा पूर्वसूचनेची गरज अधिक आहे. हंगामापूर्वी जाहीर झालेला आणि हंगामभर टिकणारा नियम कठोर असला, तरी त्याचा हिशेब मांडता येतो.

तोपर्यंत घरातील वडीलधाऱ्यांनी नव्या पिढीला एवढे अवश्य सांगावे : सर्व भांडवल एकाच मालात गुंतवू नये, खरेदी टप्प्याटप्प्याने करावी, साठ्याची नोंद चोख ठेवावी आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांची तरतूद केल्यावाचून यंत्राची कळ दाबू नये.